वाईतले पाच दिवस आणि दोन सुतांचा बोल्ट

पहिला दिवस

निघायच्या आदल्या रात्री चित्रांचं सगळं सामान वजनकाट्यावर चढवलं. साडेअकरा किलो भरलं, आणि त्यात पाणी धरलेलं नाही. पाच दिवसांच्या कपड्यांची पिशवी होती तीन किलोची.

“चित्रं काढायला चाललीयेस की बिऱ्हाड हलवतेयस?” बहिणीने दारातूनच विचारलं. ती लेकाला सोडायला आली होती. भाचा एकवीस वर्षांचा, ॲनिमेशन शिकतोय. त्याच्या सॅकमध्ये एक टॅब्लेट, एक पेन, एक चार्जर. बाकी सगळी चिवड्याची पाकिटं.

माझ्या साडेअकरा किलोंचा हिशेब द्यायला हवा. त्यातले सहा फ्रेंच ईझलचे. बंद केली तर लाकडी बॅग, उघडली तर तीन पाय, एक खण आणि बोर्ड धरणारा दांडा. वीस वर्षांपूर्वी एका ज्येष्ठ चित्रकारांकडून जुनी घेतली होती, तेव्हापासून तिच्यावर जीव आहे. खरं म्हणजे ती तैलरंगवाल्यांची चीज. त्यांचा कॅनव्हास उभा असतो. जलरंगाला बोर्ड जवळजवळ आडवा लागतो, खालच्या कडेकडे जेमतेम उतार; नाहीतर आकाशाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा हात, ओघळून शेतात उतरतो. म्हणून गेली तीन वर्षं मी ट्रायपॉडवर बसणारी पोचाड बॉक्स वापरते. ‘पोशाड’ हा मूळ फ्रेंच शब्द, घाईत केलेलं कच्चं चित्र असा त्याचा अर्थ, पण आमच्यात सगळे पोचाडच म्हणतात. झाकणावर कागद, तळात पॅलेट, बुडाला एक नट. तो ट्रायपॉडच्या स्क्रूवर फिरवला की स्टुडिओ उभा.

मग सहा किलोंची ईझल कशाला घेतली? असू दे, लागली तर. तसंच फुल इंपिरियल कागद, म्हणजे बावीस बाय तीस इंची ताव, असू देत. दोन छत्र्या. अठ्ठावीस ट्यूबा, ज्यातल्या मी आठ वापरते. भाच्याने गाडीत यादी वाचली आणि विचारलं, “मावशी, चायनीज व्हाइट तीन?” मी खंबाटकीचं वळण घेत होते, त्यामुळे उत्तर टाळता आलं.

सुरूर फाट्याला महामार्ग सोडला की हवा बदलते. जानेवारीचा दुसरा आठवडा, दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच हळदीचा एखादा तुकडा. लॉजवर सामान टाकलं, जेवलो आणि साडेतीनला गणपती घाटावर हजर.

ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ साली बांधलं. येणारे लोक समोरून आत जातात आणि ती अवाढव्य मूर्ती पाहून बाहेर पडतात. मला काढायची होती देवळाची मागची भिंत. कृष्णेच्या पुराचं पाणी दोन अंगांना फाकावं म्हणून ती माशासारखी निमुळती बांधली आहे. चित्रकाराला अशी भिंत म्हणजे पर्वणी. सरळ भिंतीवर ऊन असतं नाहीतर सावली असते. या भिंतीवर ऊन हळूहळू वळत सावलीत जातं, आणि त्या मधल्या पट्ट्यात सगळी गंमत असते.

ट्रायपॉड उघडला आणि पोटात गोळा आला. त्याच्या डोक्यावर बसणारी चौकोनी प्लेट नव्हती. ती पुण्यात होती, कॅमेऱ्याच्या बुडाला चिकटलेली. दिवाळीत फोटो काढले तेव्हापासून तिथेच. स्क्रू त्या प्लेटलाच असतो. प्लेट नाही म्हणजे स्क्रू नाही, स्क्रू नाही म्हणजे पोचाड बॉक्स ही निव्वळ पेटी.

भाचा काही बोलला नाही. गाडीपर्यंत जाऊन फ्रेंच ईझल खांद्यावर टाकून घेऊन आला. असू दे, लागली तर!

घाटाच्या पायऱ्यांवर ती उभी करायला दहा मिनिटं गेली. एक पाय खालच्या पायरीवर, दोन वरच्या, आणि तिन्ही चाव्या पिळून पिळून घट्ट. तोवर ऊन भिंतीवरून विटीएवढं सरकलं होतं. बाहेर चित्र काढणाऱ्याच्या हातात फार तर दोन तास असतात. त्यानंतर सावल्या दुसऱ्याच चित्राच्या होतात, आणि पहिलं चित्र तसंच रेटलं तर एका देवळावर दोन सूर्य उगवतात.

बसायची जागा मात्र मी आधी बघते, चित्र नंतर. पाठीला भिंत हवी. पाठ मोकळी असली की मागे माणसं उभी राहतात आणि कोणीतरी हमखास विचारतं, “हे विकायचं का?” किंवा “किती वेळ लागतो?” बाईमाणूस असलं तर त्यात आणखी चार प्रश्नांची भर. दुसरी चौकशी स्वच्छतागृहाची. ते जवळ नसलं तर दुपारपर्यंत पाणी बेतानेच. रंगाचं सामान विकणाऱ्या दुकानात या दोन्ही गोष्टी मिळत नाहीत.

सव्वापाचला चित्र झालं. छान वाटलं. आकाशात संध्याकाळची अशी काही गुलाबी छटा उतरली होती की भाच्यानेही मान डोलावली.

रात्री लॉजच्या ट्यूबलाइटखाली तो कागद उघडला आणि दोघं गप्प झालो. भिंत काळवंडली होती. सावलीतल्या पायऱ्या तर कोळशाने सारवल्यासारख्या. कागदावर थेट ऊन पडत होतं, त्यामुळे तो दिव्यासारखा पेटलेला दिसत होता. डोळा म्हणत राहिला अजून गडद, अजून गडद, आणि मी रंग वाढवत गेले. खोलीतल्या उजेडात ते सगळं जादा ठरलं. हा धडा मला पंधरा वर्षांपासून पाठ आहे. तरीही.

आणि ती गुलाबी छटा? आकाशात नव्हतीच. भाच्याने माझ्या लाल ओढणीकडे बोट दाखवलं. ऊन ओढणीवर पडून कागदावर परतत होतं. आकाश मी साधं निळं-राखाडीच रंगवलं होतं, गुलाबी रंग ओढणीचा होता. ओढणी त्या क्षणी बाद केली.

दुसरा दिवस

पावणेसातला मेणवलीत. वाईपासून तीन किलोमीटर, पण धुक्यात गाडी पायी चालल्यासारखी चालवावी लागली. नाना फडणवीसांचा वाडा धुक्यात नुसता अंदाजाने कळत होता. वाड्यामागे घाट, चंद्रकोरीसारखा वळलेला, आणि खाली कृष्णा. सिनेमावाल्यांनी या घाटाला इतकं वापरलंय की पहिल्यांदा येणाऱ्यालाही तो ओळखीचा वाटतो. पण सिनेमात धुकं यंत्रातून सोडतात. इथलं धुकं पाण्याच्या पृष्ठावरून वाफेसारखं उठतं, गुडघाभर उंचीवर रेंगाळतं आणि मग कुठल्याशा अदृश्य झुळकीने एकदम अंगावर येतं.

धुकं रंगवायला जलरंगाइतकं सोयीचं माध्यम नाही, असं मी वर्गात मुलांना सांगते. कागद आधी ओला करायचा, त्यात फिका कोबाल्ट निळा आणि किंचित लाइट रेड सोडायचा, पॅलेटवर नव्हे तर कागदावरच एकमेकांत मिसळू द्यायचा. मग कागदाची चमक गेली, पण ओल आहे, त्या नेमक्या घडीला मागची झाडं टेकवायची. कडा आपोआप विरतात.

मेणवलीत ती घडी आलीच नाही. पंधरा मिनिटं झाली, पंचवीस झाली, कागद पहिल्यासारखाच चकाकत होता. तीनशे जीएसएमचा, म्हणजे जाड, सुती कागद, चांगलं पाणी धरणारा, आणि हवाच पाण्याने भरलेली. ते पाणी जाणार कुठे? टेकवलेलं झाड हळूहळू पसरत गेलं आणि फुलकोबी झाली. पुण्यात एप्रिलमध्ये याच कागदावर वॉश संपायच्या आत सुकतो. तिथे मी फवारणीची बाटली बाळगते. इथे उलटी गरज.

“गाडी अजून गरम असेल,” भाचा म्हणाला.

बोर्ड घेऊन वर पळालो. बॉनेटवर ठेवला, काही उपयोग नाही. आमचे बोर्ड सनबोर्डचे, वजनाला हलके म्हणून सगळे तेच वापरतात. पण आत फेस असतो, खालची ऊब वर येऊच देत नाही. मग मास्किंग टेप सोडवून ओला कागद तसाच, खाली वर्तमानपत्र घालून, बॉनेटवर पसरला. चार मिनिटांत चमक गेली. दोन झाडं, देवळाचं शिखर, घाटाची एक कड, एवढंच बॉनेटवर वाकून काढलं. वाड्यातून बाहेर आलेले एक आजोबा बराच वेळ बघत होते. “गाडीला रंग देताय होय?” म्हणाले आणि पुढे गेले.

ऊन वर आल्यावर घंटा बघायला गेलो. घाटावरच्या छोट्याशा घुमटीत ती टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, तिथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखात आल्या आणि देवळांत लागल्या; त्यांतली ही एक. अंगावर मेरी आणि बाळ येशूची आकृती. मी वहीत तिचं पेन्सिलचित्र काढलं. वाटोळ्या धातूवर झिजलेली आकृती काढणं कठीण. चेहरा दिसत नाही, फक्त मान तुकवलेली दिसते, आणि तेवढं आलं की मेरी आली.

भाच्याची वेगळी कथा. टॅब्लेट उन्हात आरसा झाला होता. स्क्रीनवर त्याला घाट नाही, स्वतःची हनुवटी दिसत होती. त्याने माझी बाद झालेली लाल ओढणी मागितली, डोक्यावरून घेऊन टॅब्लेटभोवती तंबू केला आणि आत शिरला. जुन्या फोटोग्राफरसारखा. पण त्या तंबूतून त्याने अर्ध्या तासात चार चित्रं काढली, आणि त्याची झाडं फुलकोबी झाली नव्हती. त्याला सुकण्याची वाट बघावी लागत नाही, हे मान्य करायलाच हवं. मी थोडी जळले.

दुपारी ट्रायपॉडचा प्रश्न घेऊन गावात फिरलो. फोटोच्या दुकानात ती प्लेट नव्हती. प्रत्येक कंपनीची वेगळी असते. शेवटी मधल्या आळीच्या बाजूला एका बोळात एक सुतार सापडले. साठीचे, कानाला पेन्सिल, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. ट्रायपॉडचं डोकं त्यांनी हातात घेऊन उलटंपालटं केलं, खाचेत बोट फिरवलं.

“कड तिरपी हाये. वर अरुंद, खाली रुंद.”

“हो. तशी लाकडी प्लेट करून मिळेल का? आणि तिच्यातून वर येणारा एक बोल्ट. पाव इंची.”

“पाव इंच म्हंजी दोन सूत.” त्यांनी खिळ्यांच्या डब्यातून एक बोल्ट काढला आणि माझ्या पेटीच्या बुडातल्या नटात फिरवून बघितला. तेल घातल्यासारखा गेला. जगभरातल्या कॅमेऱ्यांच्या बुडाला हेच माप असतं, पाव इंच जाडी आणि इंचाला वीस आटे. आपल्या हार्डवेअरच्या दुकानातला जुना पाव इंची बोल्टही वीस आट्यांचाच. वाईच्या बोळात हे दोघं एकमेकांना भेटले तेव्हा मला उगाचच भरून आलं.

त्यांनी सागाचा एक तुकडा घेतला, गुण्या, म्हणजे काटकोनाची पट्टी, लावून रेघ मारली, कड रंध्याने तिरपी केली, घालून बघितलं, पुन्हा दोन हात रंधा मारला. बोल्टचं डोकं खालून लपावं म्हणून पटाशीने षटकोनी खाच कोरली. पंचवीस मिनिटं. शंभर रुपये. मी दोनशे पुढे केले तर शंभर परत केले आणि म्हणाले, “कशाला पायजे पर हे?”

चित्रं काढायला, म्हटलं.

“मग दाखवून जा की जाताना.”

तिसरा दिवस

धोम. वाईहून आठेक किलोमीटर, डावीकडे-उजवीकडे डोंगर जवळ येत जातात. फ्रेंच ईझल गाडीच्या डिकीतच ठेवली. ट्रायपॉड, पोचाड बॉक्स, सागाची प्लेट, आठ ट्यूबांतून भरलेलं पॅलेट, तीन ब्रश, दोन लिटर पाणी. सगळं एका खांद्यावर.

पाण्याबद्दल एक सांगते. रंगाचं पाणी आणि प्यायचं पाणी यांच्या बाटल्या दुरूनही वेगळ्या ओळखू याव्यात. माझी रंगाची बाटली काळी, प्यायची पारदर्शक. आधी दोन्ही सारख्या होत्या. पुढचं विचारू नका.

सकाळी नृसिंहाच्या देवळात काम केलं. तिथला नंदी मला या सगळ्या भागात सर्वांत आवडतो: कमळाच्या आकाराचं दगडी कुंड, त्यात कासव, कासवाच्या पाठीवर मंडप आणि मंडपात नंदी. कुंडाला पाणी असेल तेव्हा तो सगळा डोलारा तरंगत असेल. सगळं काळ्या दगडाचं, म्हणजे बेसॉल्टचं. नवशिके काळा दगड काळ्या ट्यूबने रंगवतात आणि चित्राला भोक पडतं. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, दोन्ही एकत्र करायचे. दगड उन्हात असेल तिथे सिएना जास्त, सावलीत निळा जास्त. शिवाय अल्ट्रामरीनचा कण जाड असतो; भरपूर पाण्यात सोडला तर तो खरखरीत कागदाच्या खळग्यांत बसतो आणि वाळल्यावर दगडासारखेच ठिपके देतो. हे आपण करत नाही, रंग करतो. आपण फक्त हात लावायचा नाही. त्या दिवशी मला तेवढं जमलं. नंदीचं वशिंड तर अगदी पहिल्या फटक्यात आलं.

त्या खुशीतच दुपारी धरणाच्या पाण्याकाठी गेले. कमळगड समोर, पाण्याचा रंग हिरवा की निळा हे ठरत नव्हतं. झाड नव्हतं, त्यामुळे पांढरी छत्री क्लॅम्पने ट्रायपॉडलाच लावली. झाड असतं तरी मी त्याखाली बसले नसते. पानांतून गळणारं चाळणीसारखं ऊन कागदावर पडलं की काळं-पांढरं काहीच कळत नाही. त्यापेक्षा सरळ ऊन परवडलं. छत्रीही पांढरी, राखाडी नाहीतर काळीच हवी. निळी छत्री घेतलीत तर ओढणीचीच गोष्ट पुन्हा.

आकाश झालं होतं, डोंगर झाले होते, पाण्याचा मोठा वॉश नुकताच एका दमात खाली ओढला होता. त्याच वेळी वारा आला. धरणाच्या पाण्यावरून तो येताना दिसतो, पाण्याचा पट्टा काळा पडत पडत तुमच्याकडे सरकतो. तो दिसला होता मला. तरी मी विचार केला, हा शेवटचा ब्रश मारून घेऊ.

छत्रीचं शीड झालं. ट्रायपॉड उजवीकडे झुकला, क्षणभर थांबला, जणू विचारतोय, आणि गेला. पॅलेट मातीत, पाण्याचा डबा माझ्या मांडीवर, आणि चित्र? पालथं. काठावरच्या रेताड मातीत.

सागाची प्लेट मात्र जागची हलली नव्हती.

“मोनेच्या चित्रात पण वाळू आहे ना?” भाचा म्हणाला. आहे. १८७० मध्ये या फ्रेंच चित्रकाराने त्रूव्हीलच्या समुद्रकिनाऱ्यावर बसून काढलेल्या एका चित्राच्या रंगात वाळूचे कण अडकलेले आहेत, आणि त्यावरूनच ते जागेवर काढलंय हे ठामपणे सांगता येतं. पण त्याच्या चित्रात कण होते. माझ्यात धोम धरणाचा अर्धा काठ आला होता.

ती सहा किलोंची ईझल असती तर पडली नसती, हे मनात आलं. कपाळाला हात लावून बसले. मग भाच्याने चिवड्याची रिकामी पिशवी दगडांनी भरून ट्रायपॉडच्या मधल्या हुकाला टांगली. तो हुक त्यासाठीच असतो. तीन वर्षं तो हुक मी हातरुमाल वाळत घालायला वापरत होते. ओझं घरून वाहून न्यायचं नसतं, दगड सगळीकडे मिळतात. छत्री काढून भाच्याच्या हातात दिली. “पांढरी छत्री धरून उभं राहायचं असेल तर माझा दर वेगळा आहे,” म्हणाला, पण उभा राहिला. वारा आला की तो छत्री तिरकी करायचा. याहून चांगला क्लॅम्प मी वापरलेला नाही.

चौथा दिवस

ढग. ऊन नाही म्हणजे सावली नाही, सावली नाही म्हणजे देवळाचे कोरीव खांबसुद्धा पुठ्ठ्यासारखे सपाट. अशा दिवशी मोठं चित्र मांडायचं नाही.

नुसती वही घेऊन निघाले. खिशातली रंगपेटी, म्हणजे जुन्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत चुंबकाने बसवलेल्या सहा वड्या, आणि दांड्यातच पाणी भरायचा ब्रश. सगळं मिळून पाव किलोच्या आत. गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही असं भटकलो. वाईच्या आळ्यांना प्रत्येकीचा घाट आहे. बोळ कुठलाही घ्या, शेवटी पायऱ्या आणि पाणी.

चालता चालता भाच्याने विचारलं, आधीचे लोक काय घेऊन जायचे? ट्यूब १८४१ साली आली, अमेरिकन चित्रकार जॉन रँडने काढलेली. त्याआधी तेलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून न्यायचे. टोचून काढायचा आणि मग ते भोक बुजवत बसायचं. आणि आपल्याकडे? मला कोल्हापूरचे आबालाल रहिमान आठवले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले, शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार, आणि राहायचे कोटितीर्थाच्या काठी. तेच तळं, त्याच कडेची झाडं, वेगवेगळ्या वेळच्या उजेडात त्यांनी पुन्हा पुन्हा काढली. जागा बदलायला गाडी लागते. वेळ बदलायला नुसतं बसून राहावं लागतं.

“म्हणजे आपण पाच दिवस घाटावरच बसायला हवं होतं,” भाचा म्हणाला.

दुपारी त्याच सुतारांच्या बोळात पोचलो. ते नव्हते, दुकान बंद. पण दुकानाचं दार बघण्यासारखं होतं. जुनी सागाची चौकट, तेल पिऊन काळी झालेली, उंबरा मध्ये झिजून खोलगट. शेजारी निळा पत्रा आणि त्यावर वाळत घातलेली हिरवी साडी. ढगाळ उजेडात रंग उलट जास्त खरे दिसतात. उन्हात फटफटीत झालेला तो निळा आज शांत होता. समोरच्या ओट्यावर बसून मांडीवर वही ठेवली आणि तासाभरात ते काढलं. पेन्सिल कमी, रंग जास्त. मांडीवर वही असली की हात मोकळा सुटतो, आणि मोजमापाची फिकीरही जरा सुटते.

ओट्याच्या मालकीण काकूंनी चहा आणला. मी ब्रश चहात बुडवला नाही. भाच्याने पेन बुडवलं. टॅब्लेटचं पेन. त्यालाही सवय लागत चाललीय.

पाचवा दिवस

परत मेणवली. आकाश मोकळं, धुकं पहिल्यापेक्षा विरळ. सामानाचं वजन नेमकं सांगता येणार नाही, पण वरच्या रस्त्यापासून घाटाच्या शेवटच्या पायरीपर्यंत एका फेरीत उतरले. करडा कुडता. पाठीला घुमटीची भिंत. दगडांची पिशवी आधीच टांगलेली. कागद फुल इंपिरियलचा चौथा हिस्सा, अकरा बाय पंधरा इंच. या थंडीत त्याहून मोठा कागद दोन तासांत सुकत नाही, हे आता कळलं होतं. आणि ओल्यावर ओलं करायच्या भानगडीत न पडता आधी एकच वॉश दिला, कागद भाच्याबरोबर बॉनेटकडे पाठवला आणि तोवर नुसती बघत बसले.

घाटावर धुणं सुरू झालं होतं. कपडे बडवायच्या धोक्याचा आवाज पाण्यावरून एकदा आणि समोरच्या काठावरून पुन्हा एकदा येत होता. एक बाई पिळा घालून उभी राहायची तेव्हा तिच्या पाठीमागून ऊन यायचं आणि तिच्याभोवती बारीक पांढरी कड उमटायची. ती कड जलरंगात रंगवता येत नाही. कागदाचा पांढरा तेवढा सोडून द्यावा लागतो, भोवतीचं सगळं रंगवून. केसाएवढी रेघ सोडली. उरली. तिन्ही चायनीज व्हाइट बंदच राहिल्या.

अकराला आटोपलं. रंगाचं पाणी नदीत नाही ओतायचं, त्यात काही रंग विषारी असतात. काळ्या बाटलीचं बूच घट्ट लावून ती परत पुण्याला.

निघताना बोळात थांबलो. सुतार दुकानात होते, एका पाटाला पॉलिश मारत. प्लेट टिकली का, त्यांनी आधी हे विचारलं. ट्रायपॉड पडला पण प्लेट हलली नाही, सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यात त्यांना विशेष काही वाटलं नाही.

मेणवलीचं चित्र बघितलं, बरं म्हणाले. नंदी बघितला. धोमचं पालथं पडलेलंही बघितलं आणि त्यावरची रेती अंगठ्याने चाचपली. मग वहीचं पान आलं, त्यांच्या दाराचं. ते थांबले. वही दोन्ही हातांत धरून उजेडात नेली, चष्मा वर केला, खाली केला. मग फळीवरून गुण्या उचलला आणि अलगद, रंगाला धक्का न लावता, माझ्या चौकटीच्या उभ्या दांड्यावर टेकवला.

“दोन सूत भाईर गेलीया,” म्हणाले. “वरल्या अंगाला.”

भाचा वाकून बघायला आला. गेली होती.